वाशीत घेतला, भूमला विकला

प्रिय मित्र बशीर यास,

सप्रेम नमस्कार.

मी, ईरण्णा सिद्धाराम कोराळे, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षे चौपन्न, राहणार लोहारा, अठ्ठावीस वर्षे एका आडत दुकानाचा मुनीम आणि गेल्या एकतीस मार्चपासून कुणाचाही नोकर नसलेला गृहस्थ, हे पत्र एका निश्चित हेतूने लिहीत आहे. शेअर बाजारात सकाळी घेऊन त्याच दिवशी विकण्याचा, म्हणजे दिवसाच्या सौद्यांचा, व्यवसाय मी सुरू करणार आहे. तो कोणत्या बाजारात करावा याविषयी मला तुझा सल्ला हवा आहे.

हे फोनवर विचारता आले असते. परंतु फोनवर तू शेळ्यांपासून सुरू होतोस आणि शेळ्यांवरच संपतोस, मूळ प्रश्न मध्येच कुठेतरी चरायला जातो. म्हणून लेखी.

प्रथम परिस्थिती. आडत दुकान बंद झाल्यावर माझे मेहुणे हणमंतप्पा यांनी उमरग्याच्या त्यांच्या सिमेंट-लोखंडाच्या दुकानात मला टेबल देऊ केले आहे. दसऱ्यापर्यंत होकार किंवा नकार कळवायचा आहे. बशीर, माणूस ते वाईट नाहीत. पण आयुष्यभर मी दुसऱ्याच्या टेबलावर बसलो. या वेळी टेबल माझे आहे. पूर्वेच्या खोलीत मांडले आहे, वर संगणक आहे, आणि खरे सांगतो, सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा परीक्षेची घंटा व्हावी तसे छातीत होते!

तुझ्या वहिनीने परवानगी दिली आहे, पण अट घालून. ती म्हणाली, "नफा किती, ते मी विचारणार न्हाय. पण ज्या दिवशी तुमचा चेहरा पडलेला दिसंल त्या दिवशी खातं बंद, आणि उमरग्याची गाडी." तेव्हा दसऱ्यापर्यंत मला माझा चेहरा सांभाळायचा आहे.

आता प्रश्न. वायद्यांचा बाजार मी बाद केला. जे दोन जिन्नस मला कळतात, सोयाबीन आणि हरभरा, त्यांचे वायदे सध्या बंदच आहेत, आणि सोन्या-तेलाचे रात्री उशिरापर्यंत चालतात. उरले दोन. एक मुंबई शेअर बाजार, दीडशे वर्षांचा. आपल्या उमरग्याच्या कॉलेजातल्या पुस्तकात त्याच्या इमारतीचे चित्र होते ते आठवते का? मी ते चित्र वर्षभर पाहत बसलो होतो. दुसरा राष्ट्रीय शेअर बाजार. तो आपल्या पुस्तकात नव्हता, कारण आपण पदवी घेतली तेव्हा तो जन्मलाही नव्हता. बहुतेक मोठ्या कंपन्यांचे शेअर दोन्हीकडे मिळतात. मन पहिल्याकडे ओढ घेते, आकडे दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

तू दुसऱ्या वर्षाला नापास होऊन शेळ्यांच्या धंद्यात गेलास, परंतु बाजार तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो हे मी आज लेखी मान्य करतो.

तुझा,
ईरण्णा सिद्धाराम कोराळे
लोहारा, दिनांक १८ ऑगस्ट २०२४

---

भूम
२४ ऑगस्ट

ईरण्णा दोस्ता, सलाम.

तुझं पत्र वाचून आधी मला वाटलं तहसीलची नोटीस आली. अरे, तू कोण हाईस, कुठं राहतूस, हे मला तीस वर्षं म्हायती हाय. अंगठा तेवढा लावायचा राहिला बघ!

आनि नापासाचं लेखी मान्य केलंस ते बरं झालं. कागद जपून ठिवलाय. तुज्या दसऱ्याला वहिनीला दाखविन.

आता कामाचं. मला तुजं शेअर-बिअर कळत न्हाय. माजा माल चार पायावर उभा राहतो आनि बँ करतो. पर बाजार म्हंजे बाजार. म्या बाजारात गेलो की आधी बोकड बघत न्हाय, गिऱ्हाईक बघतो. भाव ठरवायला रुमालाखाली हात घालून बोटं दाबणारे किती जण उभे हायत ते मोजतो. घेताना कुठलाबी बाजार गोड लागतो रे. खरा बाजार विकताना कळतो. दहा हात रुमालाखाली आले तर भाव तुजा. एकच हात आला तर भाव त्याचा.

आनि एक मज्जा सांगतो. तरणा होतो तवाची गोष्ट. बकरीदच्या आधीचे आठ दिवस आपल्या भूमशेजारच्या वाशीला बी रोज बोकडांचा बाजार भरायचा आनि भूमला बी. वाशीत भाव कमी, भूमला जास्ती. पहाटं वाशीत घ्यायचा, वडापच्या जीपच्या टपावर टाकायचा, दुपारच्या आत भूमला विकून मोकळा! एका दिसात दोन बाजार. आपल्या उस्मानाबादी बोकडाला काळाभोर रंग आनि लांब कान, गिऱ्हाईक लांबूनच हात पुसत यायचं. त्या सालात माजा रुबाब बघायचा होतास तू. अब्बा म्हणायचे, "बशीर, तू बाजार खातूस का बाजार तुला खातो, एक दिस कळंल."

माज्या डोळ्याचं ऑपरेशन नऊ सप्टेंबरला हाय, मोतीबिंदू. पोरगी तहरीम बार्शीहून रजा काढून यायलीय. बार्शीला ती बँकेत लागली ते तुला सांगितलंच होतं.

वहिनीला सलाम. चेहरा सांभाळ!

बशीर

---

प्रिय बशीर,

तुझे पत्र मी सात वेळा वाचले. सातव्या वाचनात मला जे दिसले ते लिहायला लगेच टेबलाशी बसलो आहे.

मी गेले दहा दिवस एकही सौदा केलेला नाही. केवळ निरीक्षण. ठरावीक वीस कंपन्यांचे भाव, दोन्ही बाजारांतले, त्याच मिनिटाला टिपून ठेवले. एका कीटकनाशकाच्या कंपनीच्या बाबतीत असे आढळले की, मुंबईतला भाव दिवसातून दोन-तीन वेळा राष्ट्रीय बाजारातल्या भावापेक्षा तीन-चार रुपयांनी वर असतो. तोच शेअर, तीच कंपनी, तोच क्षण!

आणि मग तुझा बोकड आठवला.

बशीर, मी कोणता बाजार निवडावा हा प्रश्नच चुकीचा होता. दोन्ही निवडायचे! राष्ट्रीय बाजार म्हणजे माझी वाशी, मुंबई बाजार म्हणजे माझे भूम. वाशीत घ्यायचा, भूमला विकायचा. तुला वडापचे भाडे होते, टपावरून बोकड उडी मारण्याची भीती होती. मला काहीच नाही, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जायचे एवढेच. तीस वर्षांपूर्वी तू जे पायांनी केलेस ते मी बोटाने करणार आहे. इतकी सोपी गोष्ट कुणाला सुचली कशी नाही, याचेच आश्चर्य वाटते.

मुहूर्तही नेमका मिळाला आहे. मंगळवार, दहा सप्टेंबर. त्या दिवशी घरी गौरी-लक्ष्म्या येतात. सकाळी दहा वाजता पहिला सौदा. भाव वेडावाकडा हलला तरी मला त्याची पर्वा नाही, कारण माल मी घेताक्षणीच विकलेला असेल.

शिस्तीचे नियमही केले आहेत. बाजाराच्या वेळेत खोलीचे दार बंद. मोबाइल तुझ्या वहिनीच्या स्वाधीन, देवघराशेजारच्या पत्र्याच्या डब्यात. दारावर थाप मारायची नाही. ती म्हणाली, "अय्यो, बाजारात बसताय का तपाला?" मी मोबाइल तिच्या हाती दिला. चेहरा सांभाळून होतो.

तुझ्या डोळ्याचे व्यवस्थित होवो. माझ्या पुढच्या पत्रात यशाचे वर्तमान असेल, ते तू नव्या डोळ्याने वाच.

तुझा,
ईरण्णा सिद्धाराम कोराळे
लोहारा, दिनांक १ सप्टेंबर २०२४

---

लोहारा
११ सप्टेंबर

बशीरभावजी यांना शिवगंगाचा नमस्कार.

ह्यांना लिहायला सांगितलं तर म्हणतात, काय लिहू. म्हणून मीच लिहिते. तुमच्या डोळ्यावर पट्टी असंल, तेव्हा तहरीमलाच वाचून दाखवायला सांगा. तिचे तर माझ्यावर उपकारच आहेत.

काल दुपारी दोनची गोष्ट. माझी लक्ष्म्यांची तयारी चाललेली. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढत होते, हात भरलेले, सोवळ्यात. आणि डब्यात फोन वाजायला लागला. एकदा, दोनदा, पाचदा. शेवटी कोपरानं झाकण उघडलं.

"काकू, मी तहरीम. काकांचं पत्र आत्ता आलं, अब्बूंना वाचून दाखवत होते. काकांनी सौदा केला का?"

म्हटलं, "सकाळी धाला केला की. आनंदात हायत. आत बसून तुमालाच पत्र लिहायलेत."

ती म्हणाली, "काकू, पळा. काकांना सांगा, भूमला विकलेला बोकड त्यांचा न्हवताच! त्यांचा बोकड वाशीतच बांधलेला हाय. दोन्हीकडचं सोडवायला एकच तास उरलाय."

भावजी, मला शेअरमधलं ओ की ठो कळत नाही. पण पोरीच्या आवाजातली घाई कळली. दारावर थाप मारायची नाही असा नियम. मी लाथ मारली. हात कुंकवाचे होते, दुसरं काय करणार.

"अहो, उघडा! तुमचा बोकड वाशीत बांधलाय!"

आतनं आवाज, "कोणता बोकड?"

"तो भूमला विकलेला न्हाय व्हय, तो! तो तुमचा न्हवताच! बोकड वाशीत हाय, बोकड!"

लक्ष्म्या दारात, शेजारची भुवनेश्वरी हातात दुरडी घेऊन उंबऱ्यावर उभी, आणि मी, जन्मात अंड्याला हात न लावलेली बाई, "बोकड, बोकड" म्हणून वरडत होते. भुवनेश्वरी म्हणाली, "वैनी, नैवेद्याचं काय बदललं का औंदा?"

दार उघडलं. तहरीम बोलत होती तो फोन मी ह्यांच्या कानाशी धरला. म्हणाली, "काका, दिवसाच्या सौद्यात ज्या बाजारात घेतला त्याच बाजारात विकावा लागतो. आज घेतलेला शेअर आज तुमच्या खात्यात येतच न्हाय, मग दुसऱ्या बाजारात काय विकलंत? तिथं तुमी नसलेला माल विकलाय. म्हणजे दोन अर्धे सौदे लोंबकळतायत."

तेव्हा ह्यांचा चेहरा पडला. खोटं कशाला सांगू. चुन्याच्या भिंतीसारखा झाला.

मग बसले. वाशीतला, म्हणजे त्या राष्ट्रीय बाजारातला, विकायला बटण दाबलं, तर डोळं मिटायच्या आत शंभरच्या शंभर शेअर गेले. भूमला परत घ्यायला गेले तर विकणारंच न्हवतं. सात मिळाले. मग बारा. मग थांबलं. मग भाव रुपायानं वाढवला, तर आणि नऊ. मी फोन धरून उभी, ह्यांच्या सदऱ्यावर सगळं कुंकू, तहरीम तिकडनं "थांबा काका", "आता घ्या काका". तीन वाजून बारा मिनिटांनी शंभर भरले. तहरीम म्हणाली, न घेता राहिले असते तर दलालानंच असंल त्या भावाला घेतले असते, आणि मिळालेच नसते तर लिलाव, दंड. तोटा झाला तो एका बऱ्यापैकी साडीएवढा.

आता अटीचं. चेहरा पडला, अट मोडली. पण भावजी, आडत दुकानात मालकाच्या चुका ह्यांच्या माथी बसायच्या तेव्हा हे घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसायचे. अठ्ठावीस वर्षांत मला एक शब्द सांगितला नाही. काल साडेतीनला खोलीतनं बाहेर आले, दोन परड्या घेतल्या, ज्वारीचे दाणे घेतले, आणि "ही वाशी, हे भूम" करत मला आणि भुवनेश्वरीला अर्धा तास समजावत बसले. आपली चूक कुठं झाली ते सुद्धा. मधेच हसायला लागले. लक्ष्म्यांचा मुहूर्त टळायची वेळ आली.

तेव्हा मला आता कळेना की अट मोडली म्हणून उमरग्याला पाठवू का काय करू. दसऱ्याला सांगेन.

सोबत ह्यांचं अर्धं लिहिलेलं पत्र आहे. फाडायला निघाले होते, मी काढून घेतलं. एकच ओळ आहे: "प्रिय बशीर, कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, वाशीत घेतला आणि भूमला"

एक विचारू का भावजी? ती बोकडाची गोष्ट तुम्ही ह्यांना पुरी सांगितली होती का?

शिवगंगा

---

भूम
१७ सप्टेंबर

ईरण्णा, सलाम. वहिनीला डबल सलाम.

एका डोळ्यावर पट्टी हाय, म्हणून मी सांगतो आनि तहरीम लिहिती. ती मधी मधी हसती, तिकडं ध्यान देऊ नको.

वहिनी, तुमी वकील व्हायला पायजे होता. न्हाय, गोष्ट पुरी सांगितली न्हवती.

आठ दिसातले सात दिस तसंच झालं जसं मी लिहिलं. आठव्या दिशी भूमच्या एका गिऱ्हाइकानं आदल्या सांजेलाच म्हटलं, उद्या सकाळी धाला असला एक काळा बोकड दे. म्या बयाणा घेतला, हातात हात दिला. बोकड तवा वाशीत दावणीला होता, माजा सुदिक न्हवता. म्हटलं, पहाटं घेतो, टपावर टाकतो, झालं. सकाळी वडाप रस्त्यात बंद पडली. बोकड अन् मी बाभळीखाली बसून एकमेकाचं तोंड बघत बसलो. भूमला पोचलो तर दुपार उलटली होती. त्या माणसाला दुसऱ्याकडून दीडपट भावानं घेऊन द्यावा लागला, आनि माजा बोकड माज्याच गळ्यात. बयाण्याचं काय न्हाय रे. पर त्या बाजारात वर्षभर मला समदे "वाशीवाला" म्हणायचे. सौद्याला हात पुढं केला की इचारायचे, "बोकड हितं हाय का वाशीत हाय?"

ही अर्धी गोष्ट मी कुणालाच सांगत न्हाय. तुला बी न्हाय सांगितली. सांगितली असती तर तुजा मंगळवार वाचला असता. माफी दे.

आनि दुसरं. तहरीम बँकेत न्हाय. ती बार्शीला शेअरच्या दलालाकडं कामाला हाय, साल झालं. लोक सट्टा म्हणतील म्हणून मी बँक सांगत होतो. तुजं पयलं पत्र ज्या दिशी आलं, कोणता बाजार म्हणून, त्याच दिशी म्या घरातल्या पोरीला इचारलं असतं तर तिनं एका ओळीत सांगितलं असतं. पर म्या मोठेपणा करत बोकड सांगत बसलो.

(ईरण्णाकाका, मी तहरीम. अब्बूंनी हे सांगितल्यावर मी लिहायचं थांबवलं होतं, ते म्हणाले, "लिही, लिही, पुसू नको." एकच ओळ सांगते. तुमच्या कीटकनाशकाच्या शेअरला मुंबईत भाव जास्त दिसत होता, कारण तिथं तो शेअर हलतच नव्हता. शेवटचा सौदा जुना होता, म्हणून भाव जुना. अब्बूंच्या पत्रात रुमालाखालचे हात किती ते मोजायला सांगितलं होतं. ते तुम्ही सोडून दिलंत आणि टपावरचा बोकड तेवढा उचललात.)

आता बोल, कोणता बाजार?

बशीर (सही तहरीमनं हात धरून करवली)

---

प्रिय मित्र बशीर,

मी, ईरण्णा सिद्धाराम कोराळे, वाणिज्य शाखेचा पदवीधर, राहणार लोहारा, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

मी राष्ट्रीय शेअर बाजार निवडला आहे. फक्त तोच. कारण तुझ्याच शब्दांत आहे, जे मी सात वेळा वाचूनही वाचले नव्हते: तिथे माझ्या शेअरसाठी रुमालाखाली जास्त हात येतात. दहा सप्टेंबरच्या दुपारी शंभर शेअर एका बाजारात डोळ्याचे पाते लवण्याआधी गेले आणि दुसऱ्यात सात, बारा, नऊ असे वेचावे लागले, तेव्हा तो निर्णय माझ्यासाठी झालाच होता. मी केवळ त्यावर आज सही करीत आहे.

मुंबई शेअर बाजाराचा मी अवमान केलेला नाही. तिथे भरपूर उलाढालीचे शेअरही आहेत, वर्षानुवर्षे ठेवणाऱ्याला तो तितकाच चांगला आहे, आणि आपल्या पुस्तकातल्या त्या चित्राचे ऋण आहेच. म्हणून मागील महिन्यात तिथे एका जुन्या कंपनीचा एकच शेअर घेऊन ठेवला. तो विकायचा नाही. इतर कुणाला हे हास्यास्पद वाटेल, तुला वाटणार नाही.

तहरीमला माझे आशीर्वाद, आणि एक विनंती: दर रविवारी मी प्रश्नांची यादी पाठवीन, तिने उत्तरे पाठवावीत. आणि बशीर, यापुढे ती कुठे कामाला आहे असे कुणी विचारले तर खरे ते सांग. मी लोहाऱ्यात तसे सांगायला सुरुवात केली आहे.

आता अटीचे. गेल्या बावीस दिवसांत तेरा दिवशी फायदा आणि नऊ दिवशी तोटा झाला. बेरीज करता भांडवल जिथे होते जवळजवळ तिथेच उभे आहे. तरीही सव्वानऊची घंटा मला रोज नवी वाटते. खोलीचे दार आता उघडे असते. मोबाइलचा डबा पोह्यांसाठी परत गेला. साडेतीन वाजले की मी स्वयंपाकघरात जातो, आणि तुझी वहिनी पीठ मळता मळता विचारते, "आज बोकड कुठं बांधलाय?" मग मी घेतला का, विकला का, चुकलो कुठे, सगळे सांगतो. ज्वारीचे दाणे लागत नाहीत, तिला आता पडद्यावरची लाल-हिरवी ओळ कळते. परवा तिने एका शेअरविषयी म्हटले, "ह्याला हात कमी आहेत, नका जाऊ." मी गेलो नाही. दुपारी तो पडला. बशीर, त्या क्षणी मी खुर्चीतून उठून उभा राहिलो, इतका आनंद मला स्वतःच्या कुठल्याही सौद्याने झाला नव्हता!

आज दसरा. सायंकाळी हणमंतप्पा आपट्याची पाने घेऊन आले. पाने दिली, बसले, चहा झाला आणि त्यांनी विचारले, "भावजी, मग सोमवारपासून येताय ना?"

मी तुझ्या वहिनीकडे पाहिले. अट तिची होती. चेहरा पडल्याचे तिने पाहिलेही होते, आणि तुला लेखी कळवलेही होते. मी उत्तराला तयार होतो, दोन्ही उत्तरांना.

ती कप उचलत म्हणाली, "न्हाय रे दादा, ह्यांना जमणार न्हाय. रोज साडेतीनला ह्यांना मला सांगायला यावं लागतंय."

हणमंतप्पांना काही कळले नाही. मी पाने कपाळाला लावली.

तुझा,
ईरण्णा सिद्धाराम कोराळे
लोहारा, जिल्हा धाराशिव
दिनांक १२ ऑक्टोबर २०२४